निजामाने लांब पळणारी रोल्स रॉयस घेतली आणि तिचं सिंहासन करून ठेवलं

१७ सप्टेंबर जवळ आला की नांदेड, लातूरकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निजामाचे मेसेज फिरायला लागतात. एका मेसेजमध्ये निजाम रोल्स रॉयसमधून शहराचा कचरा उचलतो. दुसऱ्यात तो देशाला ५ हजार किलो सोनं दान करतो. तिसऱ्यात लिंबाएवढा हिरा पेपरवेट म्हणून वापरतो. मग कुणीतरी रझाकारांची आठवण काढतं, ग्रुपवर भांडणं लागतात आणि अॅडमिनला ग्रुप बंद करून ठेवावा लागतो.

या सगळ्यात ज्या माणसावरून भांडण चाललंय त्याचं आयुष्य नेमकं कसं गेलं, हे बाजूलाच राहतं.

तर त्याचं नाव मीर उस्मान अली खान. हैदराबाद संस्थानचा सातवा आणि शेवटचा राज्यकर्ता निजाम. आज आपण ज्याला मराठवाडा म्हणतो तो सगळा भाग त्याच्या राज्यात होता. धाराशिव जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मिळालं ते त्याच्यावरूनच. आणि लातूर त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं.

त्याची गोष्ट सांगायला सुरुवात करायची तर हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये उभ्या असलेल्या एका पिवळ्याधमक गाडीपासून करता येते. ही गाडी १९१२ ची रोल्स रॉयस सिल्व्हर घोस्ट आहे. गाडीप्रेमी तिला निजामाची ‘थ्रोन कार’ म्हणतात, म्हणजे सिंहासन असलेली गाडी. वय शंभरीच्या पुढे, पण ती सगळी मिळून साडेतीनशे मैलांच्या आसपासच पळाली, असं सांगितलं जातं. साडेतीनशे मैल म्हणजे साधारण ५६० किलोमीटर. आपण नांदेडहून हैदराबादला दवाखान्यासाठी जाऊन परत आलो की तेवढं अंतर होतं.

आता ही गाडी काय चीज होती ते बघू, म्हणजे पुढची गंमत कळेल.

गाडी नेमकी कशासाठी बनवली होती?

आज बेंटले कॉन्टिनेंटलसारख्या गाडीच्या नावापुढे जीटी अशी अक्षरं दिसतात. त्याचा अर्थ ग्रँड टूरिंग. म्हणजे दोन-चार माणसं आणि त्यांचं सामान घेऊन एका दमात शेकडो किलोमीटर जाणारी, वेग असलेली आणि तरी आत बसणाऱ्याला थकवा न देणारी गाडी. हा शब्द मोटारींच्या दुनियेत नंतर रुळला. पण गाडीने लांब पल्ला आरामात गाठला पाहिजे, ही कल्पना ज्या गाड्यांनी लोकांना पटवून दिली त्यात सिल्व्हर घोस्टचा नंबर फार वरचा आहे.

१९०६ मध्ये रोल्स रॉयसने हे मॉडेल आणलं. त्याचं अधिकृत नाव होतं ४०/५० हॉर्सपॉवर. सहा सिलिंडर, सुरुवातीला ७,०३६ सीसीचं इंजिन, आणि थोड्याच वर्षांत ते ७,४२८ सीसीचं झालं. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकचं इंजिन १,२०० सीसीचं असतं, म्हणजे साधारण सहा हॅचबॅकची इंजिनं एकत्र केल्यासारखं. पण एवढं मोठं इंजिन असूनही ताकद जेमतेम ५० हॉर्सपॉवरच्या घरात. कारण इंजिन अगदी हळू फिरायचं. त्यामुळे ते तापायचं नाही, धडधडायचं नाही आणि वर्षानुवर्षं टिकायचं.

त्या काळात गाडी म्हणजे फटफट आवाज, धूर आणि दर दहा-वीस मैलांवर बंद पडणं. सिल्व्हर घोस्टचा आवाजच येत नव्हता. एका गाडीला चंदेरी रंग दिला होता आणि ती भुतासारखी गुपचूप चालायची म्हणून तिला सिल्व्हर घोस्ट नाव दिलं. पुढे सगळ्या मॉडेललाच लोक त्या नावाने ओळखू लागले. १९०७ मध्ये हीच गाडी लंडन ते ग्लासगो अशा फेऱ्या मारत जवळपास १५ हजार मैल पळवली गेली आणि त्यानंतर इंजिन उघडून बघितलं तर झीज नगण्य होती. १९११ मध्ये दुसरी एक गाडी लंडनहून एडिनबरोला आणि परत अशी पूर्ण वेळ टॉप गिअरमध्ये नेली. तीच गाडी नंतर ट्रॅकवर ताशी ७८ मैलांनी पळाली, म्हणजे १२५ किलोमीटरच्या वेगाने. आणि ब्रेक? ते फक्त मागच्या चाकांना.

भारतातही तिची परीक्षा झाली होती. १९०८ च्या सुमारास एक सिल्व्हर घोस्ट मुंबई-कोल्हापूर शर्यतीत उतरली, सह्याद्रीचे घाट चढली-उतरली आणि जिंकली. तिचं नाव ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ठेवलं होतं. ती पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी विकत घेतली. घाटात न थकणारी गाडी बघून संस्थानिकांच्या उड्या पडल्या. १९११ च्या दिल्ली दरबारासाठीसुद्धा खास रोल्स रॉयस गाड्या आणल्या होत्या.

तेव्हा कंपनी फक्त चॅसी आणि इंजिन विकायची. त्याची किंमतच हजार पौंडाच्या घरात होती. वरची बॉडी गिऱ्हाईकाने वेगळ्या कारागिराकडून आपल्या हौसेप्रमाणे बनवून घ्यायची. आणि इथेच निजामाच्या गाडीची गोष्ट सुरू होते.

ऑर्डर बापाने दिली, डिलिव्हरी पोराने घेतली

ही गाडी मागवली सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खानने. हा माणूस शौकीन. कपडे, शिकार, हिरे, सगळ्याची हौस. त्याने बॉडी बनवायचं काम लंडनच्या बार्कर अँड कंपनीला दिलं. बार्करवाले मोटार यायच्या आधीपासून राजघराण्यांच्या बग्ग्या बनवत होते. त्यांनी निजामासाठी तेच केलं. बग्गी आणि अंबारी यांच्या मधलं काहीतरी तयार झालं. मागची सीट उंच, सिंहासनासारखी. वर घुमटासारखं छत. चांदीची आणि जरीची सजावट. रंग पिवळा, कारण आसफजाही घराण्याचा रंग पिवळा.

पण गाडी पोचायच्या आधीच, २९ ऑगस्ट १९११ ला महबूब अली खान गेला. गादीवर आला त्याचा २५ वर्षांचा मुलगा.

मीर उस्मान अली खानचा जन्म ६ एप्रिल १८८६ चा, हैदराबादच्या पुरानी हवेलीतला. घरीच शिक्षण झालं. उर्दू, फारसी, अरबी आणि इंग्रजी. पुढे तो स्वतः उर्दू-फारसीत शायरीही करायचा. शरीराने किरकोळ, उंचीने कमी. बापासारखा थाटमाट त्याच्यात नव्हता. पण राज्य केवढं, तर ८२ हजार चौरस मैलांहून जास्त. इंग्लंड आणि स्कॉटलंड एकत्र केले तर जवळपास तेवढं होतं. त्यात तेलंगणा, मराठवाडा आणि कर्नाटकचा काही भाग. लोक तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारे आणि सरकारी भाषा उर्दू.

१९१२ मध्ये बापाने मागवलेली ती गाडी त्याच्या ताब्यात आली. लांबच्या प्रवासासाठी बनवलेल्या चॅसीवर मिरवणुकीचं सिंहासन. अशा गाडीतून परभणी, नांदेड, लातूर असा दौरा होणार नव्हताच. ती माणसाच्या चालीने चालायची, दोन्ही बाजूला प्रजा उभी राहायची, आणि परत गॅरेजमध्ये जायची.

पुढे निजामाच्या आयुष्याची रीत अशीच राहिली. १९३१ मध्ये त्याच्या दोन मुलांची लग्नं फ्रान्समधल्या नीस शहरात झाली. सुना तुर्कस्तानच्या ऑटोमन घराण्यातल्या, दुर्रुशेवार आणि निलोफर. एवढं मोठं लग्न, पण निजाम हैदराबादमध्येच राहिला. जगातली सर्वात दमदार गाडी दारात असलेला हा माणूस फारसा कुठे जातच नसे.

जगातला सर्वात श्रीमंत माणूस

गादीवर आल्यावर तीन वर्षांतच, १९१४ मध्ये, त्याने दिवाण सालारजंग तिसरा याला बाजूला केलं आणि पाच वर्षं कारभार स्वतःच्या हातात घेतला. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. निजामाने इंग्रजांना पैसा दिला, माणसं दिली, विमानं घ्यायला मदत केली. ब्रिटिश हवाई दलाच्या ११० नंबरच्या स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव मिळालं ते यामुळे. योगायोग म्हणजे त्याच युद्धात इंग्रजांनी सिल्व्हर घोस्टच्या चॅसीवर चिलखती गाड्या बनवल्या आणि वाळवंटात पळवल्या. युद्ध संपताना निजामाला ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ ही पदवी मिळाली. भारतातल्या बाकी सगळ्या राजांना नुसतं हायनेस, एक्झॉल्टेड एकटाच.

२२ फेब्रुवारी १९३७ च्या टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला, जगातला सर्वात श्रीमंत माणूस म्हणून.

हा पैसा यायचा कुठून? गोवळकोंड्याच्या हिऱ्यांची गोष्ट सगळे सांगतात. पण ते हिरे बापजाद्यांचे होते. दरवर्षी येणारा पैसा जमिनीतून यायचा. संस्थानातल्या जमिनीचा मोठा हिस्सा ‘सर्फ-ए-खास’ होता. म्हणजे त्या गावांचा सारा सरकारी तिजोरीत जात नसे, थेट निजामाच्या खासगी खजिन्यात जायचा. उरलेल्या भागात जहागीरदार, देशमुख, देशपांडे, वतनदार. सगळ्यात खाली कूळ. ज्वारी, कापूस, तूर पिकवणारा शेतकरी. त्यामुळे ज्या गाडीला लंडनमध्ये चांदी लागली, तिच्या किमतीत कुठल्यातरी गावातल्या ज्वारीचाही वाटा होता.

आणि एवढा पैसा असून माणूस कमालीचा कंजूस. मळकी टोपी वर्षानुवर्षं तीच. स्वस्तातली चारमिनार सिगारेट. स्वतःचे मोजे स्वतः विणायचा असं सांगतात. शहरात फिरायला जुनाट मोटार. जेकब डायमंड नावाचा १८४ कॅरेटचा हिरा त्याला बापाच्या बुटात सापडला आणि तो त्याने पेपरवेट केला, हा किस्सा तर सगळ्यांना पाठ आहे. हिरा खरा आहे. १९९५ मध्ये भारत सरकारने निजामाच्या दागिन्यांसोबत तोही विकत घेतला. १७३ दागिने आणि किंमत २१८ कोटी रुपये.

आता ती कचऱ्याची गोष्ट. लंडनच्या शोरूममध्ये अपमान झाला म्हणून रोल्स रॉयसला झाडू बांधून कचरा उचलायला लावला, असा किस्सा. तो कधी निजामाच्या नावावर फिरतो, कधी अलवरच्या महाराजाच्या, कधी भरतपूरच्या. एकच अपमान एवढ्या राजांचा झाला असेल तर त्या शोरूमवाल्याचं कौतुकच करायला हवं. निजामाच्या बाबतीत तर ही गोष्ट बसतच नाही. पैशापैशाचा हिशोब ठेवणारा माणूस कचऱ्यासाठी रोल्स रॉयस वापरेल का?

राज्य त्याने काय दिलं?

इथे दोन्ही बाजूंचे लोक एक गोष्ट विसरतात. निजामाने काहीच केलं नाही, हे खोटं आहे. आणि त्याने सगळ्यांसाठी सारखं केलं, हेही खोटं आहे.

१९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. एका भारतीय भाषेत, म्हणजे उर्दूत, विज्ञानापासून कायद्यापर्यंत सगळं शिकवणारं विद्यापीठ. त्या काळात ही मोठी उडी होती. मुसी नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर उस्मान सागर आणि हिमायत सागर हे तलाव झाले. उस्मानिया हॉस्पिटल, हायकोर्ट, निजामसागर धरण, १९४१ ची हैदराबाद स्टेट बँक. अजिंठ्याची लेणीसुद्धा त्याच्या राज्यात होती. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने तिथल्या चित्रांच्या जतनासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले. पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या कामासाठी आणि अतिथीगृहासाठी त्याने पैसे दिले. ते निजाम गेस्ट हाऊस आजही आहे.

आता या यादीतली गावं मोजा. बहुतेक सगळं हैदराबाद शहरात किंवा तेलंगणात. मराठी मुलाला कॉलेज शिकायचं तर आधी उर्दू शिकायची. मातृभाषेत शाळा कमी. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी, सभा घ्यायची तरी परवानगी.

नांदेडला आली ती उस्मानशाही मिल. कापूस आपल्याकडचा, कामगार आपल्याकडचे, नाव निजामाचं. नांदेडमधल्या कितीतरी घरांची चूल या मिलच्या भोंग्यावर चालली. आज ती बंद आहे, पण जुन्या लोकांना पत्ता सांगताना मिलचं नाव लागतंच.

लातूरला १९११ मध्ये रेल्वे आली, म्हणजे उस्मान अली खान गादीवर आला त्याच वर्षी. पण ती निजामाची नव्हती. ती होती बार्शी लाईट, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी, एका खासगी ब्रिटिश कंपनीची. लातूरची बाजारपेठ वाढली त्यात या छोट्या गाडीचा मोठा हात आहे. नांदेडवरून जाणारी मीटरगेज लाईन मात्र निजामाच्या नावाच्या रेल्वेची, पण तिची मालकीसुद्धा १९३० पर्यंत ब्रिटिश कंपनीकडेच होती. त्या वर्षी संस्थानने ती विकत घेतली.

रेल्वे हातात आल्यावर दोन वर्षांत निजाम सरकारने एक काम केलं, जे रोल्स रॉयसपेक्षा फार साधं होतं. जून १९३२ मध्ये रेल्वेच्या अखत्यारीत रस्ते वाहतूक खातं सुरू झालं. २७ बस आणि १६६ कर्मचारी. सरकारी मालकीची बससेवा देशात अगदी सुरुवातीला सुरू झाली त्यात हैदराबादचं नाव येतं. बस स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. म्हणजे निजामाकडे ब्रिटिश गाडी होती आणि प्रजेलाही ब्रिटिश गाडीच मिळाली, पण बॉडी लाकडी फळ्यांची. तिकडच्या सरकारी बसच्या नंबरात झेड हे अक्षर असतं, ते निजामाच्या आईच्या, झेहरा बेगमच्या, नावावरून आलं असं हैदराबादेत आजही सांगतात.

लातूरचा वकील आणि उमरीची बँक

१९३८ हे वर्ष मराठवाड्यासाठी महत्त्वाचं. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले. त्याच वर्षी औरंगाबादच्या कॉलेजमधल्या मुलांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं. त्यांना काढून टाकलं. लोण हैदराबादला पोचलं, शेकडो मुलांवर कारवाई झाली आणि त्यातले बरेच जण शिकायला नागपूरला गेले. त्यात पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते.

एक गाणं म्हटलं म्हणून विद्यार्थ्याला काढणारं सरकार आणि त्याच सरकारचं विद्यापीठ. निजामाचं राज्य समजून घ्यायला हे एक उदाहरण पुरेसं आहे.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. निजामाने भारतात यायला नकार दिला. नोव्हेंबरमध्ये एक वर्षाचा जैसे थे करार झाला. पण तोवर राज्याची सूत्रं त्याच्या हातातून निसटत चालली होती. ती गेली कासीम रझवीच्या हातात. हा रझवी लातूरला वकिली करायचा. तो इत्तेहादुल मुस्लिमीनचा अध्यक्ष झाला आणि त्याने रझाकारांची फौज उभी केली. गावं जाळणं, लुटालूट, खून, बायकांवर अत्याचार. लातूर, नांदेड, उस्मानाबादच्या कितीतरी कुटुंबांनी तेव्हा गाव सोडून सोलापूर, नगर, विदर्भाच्या हद्दीत आसरा घेतला. निजामाने रझाकारांना आवरलं नाही. आवरता आलं नाही की आवरायचं नव्हतं, यावर आजही वाद होतो. पण राज्य त्याचं होतं, म्हणून जबाबदारीही त्याचीच.

लोकही गप्प बसले नव्हते. सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले. जानेवारी १९४८ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या उमरी इथली बँक क्रांतिकारकांनी लुटली. लाखो रुपये हाती लागले. तो पैसा लढ्यासाठी गेला आणि त्याचा हिशोबही ठेवला गेला.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून निघालं. पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत सगळं संपलं.

यातलं एक पान आपण सहसा उलटत नाही. शरणागतीनंतरच्या काही आठवड्यांत सूड घेतला गेला आणि तो रझाकारांपुरता राहिला नाही. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावं दिली. लातूरचाही उल्लेख आहे. मारले गेलेले बरेच मुसलमान साधे शेतकरी, कारागीर, व्यापारी होते. ज्यांचा निजामाच्या खजिन्याशी संबंध शेतसारा भरण्यापुरताच होता. निजाम मात्र किंग कोठीच्या आपल्या घरात सुरक्षित होता.

गादी गेली, गाड्या राहिल्या

भारत सरकारने निजामाला हटवलं नाही. २६ जानेवारी १९५० ला त्याला हैदराबाद राज्याचा राजप्रमुख केलं. वर्षाला ५० लाख रुपयांचा तनखा बांधून दिला. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली, हैदराबाद राज्य तीन तुकड्यांत वाटलं गेलं आणि मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात आला. राजप्रमुखपदही संपलं.

याच काळातला एक व्यवहार पार २०१९ पर्यंत चालला. सप्टेंबर १९४८ मध्ये सैन्य आत येत असताना निजाम सरकारचे १० लाख पौंड लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावावर गेले. आपण परवानगी दिली नव्हती, असं निजामाने कळवलं आणि पैसे परत मागितले. बँकेने पैसे गोठवले. ७१ वर्षांनी, २ ऑक्टोबर २०१९ ला, लंडनच्या हायकोर्टाने निकाल भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने दिला. तोवर व्याजासकट रक्कम साडेतीन कोटी पौंड झाली होती.

आणि ते ५ हजार किलो सोनं? १९६५ च्या युद्धाच्या काळात निजामाने सोनं दिलं हे खरं. पण ते दान नव्हतं. ४२५ किलो सोनं त्याने साडेसहा टक्के व्याजाच्या राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत गुंतवलं होतं. माहितीच्या अधिकारातून हे पुढे आलं. देशाला गरज असताना सोनं बाहेर काढलं हे चांगलंच. पण गुंतवणुकीला दान म्हणायचं कारण नाही.

२४ फेब्रुवारी १९६७ ला मीर उस्मान अली खान गेला. वय ८०. जनाजाला हैदराबादच्या रस्त्यांवर प्रचंड गर्दी झाली. किंग कोठीसमोरच्या मशिदीच्या आवारात, आईच्या कबरीजवळ, त्याला दफन केलं.

त्याने वारस नेमला तो मुलाला नाही, नातू मुकर्रम जाहला. नातवाच्या हाती आलं ते अवाढव्य घर. जवळपास १५ हजार नोकरचाकर आणि आश्रित. गॅरेजमध्ये साठेक गाड्या. दरवर्षी त्यांच्या पेट्रोलचा आणि स्पेअर पार्टचा मोठा खर्च हिशोबात लागत होता. पण चालू स्थितीत गाड्या किती? चार. नव्या निजामाला समारंभातून घेऊन येणारी लिमोझिनसुद्धा बंद पडली. इंजिनं खोलण्यात रमणारा मुकर्रम जाह या पसाऱ्याला कंटाळून पुढे ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या फार्मवर राहायला गेला. २०२३ मध्ये इस्तंबूलला त्याचं निधन झालं.

मग राहिलं काय?

उस्मानाबादचं २०२३ मध्ये धाराशिव झालं. नांदेडला १९९४ मध्ये विद्यापीठ झालं, त्याला नाव स्वामी रामानंद तीर्थांचं. लातूर १९८२ मध्ये स्वतंत्र जिल्हा झालं. चौमहल्ला पॅलेस तिकीट काढून बघता येतो आणि ती पिवळी गाडी तिथे नव्यासारखी दुरुस्त करून ठेवली आहे.

राहिली ती बस. १९५६ नंतर मराठवाड्यातली हैदराबाद राज्याची वाहतूक इकडच्या महामंडळाकडे आली आणि पुढे तिचीच एसटी झाली. म्हणजे नांदेड किंवा लातूरच्या स्टँडवर उभ्या असलेल्या बसचा एक धागा १९३२ च्या त्या २७ बसपर्यंत मागे जातो. निजामाचं कौतुक करायचं असेल तर या बसचं करा. कारण ती गावातल्या माणसाला घेऊन निघाली.

रोल्स रॉयसमध्ये दम होता. १५ हजार मैल न थांबता पळणारं इंजिन होतं, घाट चढायची ताकद होती. तिने मनात आणलं असतं तर निजाम दोन दिवसांत नांदेडला येऊन, लातूर बघून, परत गेला असता. कापसाचा भाव, शाळेची अवस्था, रझवीची माणसं काय करतायत, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असतं. त्यासाठी गाडी कमी पडली नव्हती.

पुढच्या वेळी हैदराबादला गेलात तर चारमिनारपासून चौमहल्ला अगदी चालत जाण्याएवढा जवळ आहे. गाडीसमोर सेल्फी काढायला गर्दी असते. तुम्हीही काढा, गाडी खरंच सुंदर आहे. आणि ती कुठपर्यंत गेली नाही, तेही एकदा घरच्या पोरांना सांगा.